एकट्याने न उडण्याची शपथ

जाम गावच्या चौरस्त्यावर रूपराव झाडे यांचं मोटारच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि अख्खं जाम त्यांना 'पायलट' म्हणत असे. म्हणणाऱ्यांचा हेतू काही शुद्ध नव्हता. समोर चहाचं हॉटेल चालवणारे बंडूजी तर वरून विमानाची घरघर आली की रस्त्यापलीकडून ओरडायचे, "रूपरावजी, तुमची गाडी चालली पाहा, अन् तुम्ही खालीच राह्यले!" रूपराव फडक्यानं बेअरिंग पुसत राहायचे.

त्याचं असं झालं. बापाच्या खिशात कापसाचे चार पैसे खुळखुळत होते त्या काळात तरणे रूपराव नागपूरला, सोनेगावच्या विमानतळावर, विमान चालवायला शिकत होते. पहिल्या दिवशी घाबरून त्यांनी विमानाचा दांडा बैलांचा कासरा ओढावा तसा पोटाशी ओढला. बैल थांबले असते. विमान नाक वर करून आणखीच उंच निघालं. तेव्हाच्या शिकवणाऱ्या साहेबांनी ज्या शिव्या दिल्या, त्या पुढं जाममध्ये बरीच वर्षं वापरात होत्या. पण गडी शिकला. एकट्यानं उडायचा दिवस ठरला आणि घरात कोणीतरी चुगली केली. कोणी, ते गावाला ठाऊक आहे. पण बाई अजून हयात आहे, तेव्हा राहू द्या.

रूपरावांची माय मनकर्णाबाई मोटार धरून थेट सोनेगावला पोचली आणि विमानाच्या चाकापुढं मांडी घालून बसली. "माह्या गळ्याची शपथ हाय तुले, एकटा आभायात गेलास तर! कोणी संगं असन तर जाय."

बाई मोठी हुशार. उडायला मनाई नव्हती, एकट्यानं उडायला होती. आणि एकट्यानं उडाल्याशिवाय परवाना कोण देतो? रूपराव मायला घेऊन घरी आले. पुढं लग्न, पोरं, दुकान. आता आपल्याकडची रीत अशी, की शपथ ज्यानं घातली त्यानंच 'सुटली' म्हणावं लागतं. रूपरावांनी कधी मागितलं नाही, मायनं त्यांच्यापुढं कधी म्हटलं नाही. एका ताटात जेवावं इतकी माया दोघांत, पण तेवढा एक शब्द कोणी काढला नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात मनकर्णाबाई गेली. रूपराव रडले नाहीत. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई टोचतो आणि मग आपलाच गाल आपला राहत नाही, तसं त्यांचं सगळंच झालं होतं. जेवत, दुकान उघडत, विचारलं तर बोलत. वर्षश्राद्ध झालं आणि एका रविवारी ते माल आणायला म्हणून नागपूरला गेले ते सोनेगावला उतरले. जायची हौस होती असंही नाही. पाय गेले. मग दर रविवारी पुन्हा शिकायला जाऊ लागले.

गावात बातमी फुटायला किती वेळ लागतो! बंडूजींच्या बाकड्यावर खल सुरू झाला.

"बुढीसंगं शपथ बी गेली," बंडूजींचा निकाल.

"काही सांगता काय?" भजनी मंडळातले नत्थूजी म्हणाले. "घालणारी गेली म्हणजे पक्की झाली. आता सोडवन कोण?"

रूपरावांनी दोन्ही निकाल ऐकले, चहाचा कप खाली ठेवला आणि दुकानात गेले.

नवे शिकवणारे कॅप्टन सालपेकर त्यांच्यापेक्षा लहान. "दादा, इतकं घट्ट कशाला धरता? दांडा पळून जात नाही," ते म्हणायचे. तेवढं सोडलं तर रूपरावांचं सगळं चोख. पण "आज तुम्ही एकटे" असं म्हणून सालपेकर उतरायला दार उघडायचे, की रूपराव म्हणायचे, "आज नको साहेब. पोट बरं नाही." सगळा हिवाळा त्यांचं पोट बिघडलेलं राहिलं.

शेवटी एका संध्याकाळी त्यांनी बायकोला, आनंदाबाईंना, सांगून टाकलं, "रविवारपासून जात नाई."

आनंदाबाई भाकरी थापत होत्या. हात थांबला. "काऊन?"

"मायनं सोडली नाई नं."

तव्यावरची भाकरी करपली. मग तव्याकडं पाहतच म्हणाल्या, "सोडली होती. लढाईच्या साली. आम्ही दोघी तुरीच्या उकडलेल्या शेंगा सोलून खाऊन राह्यलो होतो. म्हणे, रूप्याले सांगजो, शपथ सुटली, आता शायना झाला तो."

"अन् तू सांगतलं नाई."

"विमानं पडून राह्यले होते तवा, रोज रेडिओवर! लहान लहान पोरं घरात. म्या म्हटलं, उद्या सांगीन. मंग सांगता येईना." त्या पहिल्यांदा वळल्या. "मले मारा, शिव्या द्या. पण जा आता."

रूपरावांनी विचारलं, "आणखी काही म्हणाली काय?"

"शेंगाईले मीठ कमी हाय म्हणे."

"बरं," रूपराव म्हणाले आणि करपलेली भाकरी ताटात घेतली.

रविवारी आनंदाबाईही बरोबर निघाल्या. सोनेगावला कुंपणाशी निंबाखाली डबा मांडीवर घेऊन बसल्या. सालपेकरांनी दार उघडलं, या वेळी रूपरावांनी पोटाचं नाव काढलं नाही. साहेबांनी उतरून रिकाम्या जागेचा पट्टा बांधून टाकला, दार लावलं. शेजारचं वजन गेल्यानं विमान धावपट्टीवरून भसकन वर उठलं. रूपरावांनी बोटं सैल केली. विमान सरळ चालत राहिलं. त्यांनी वाट पाहिली. हसू येईल, रडू येईल, निदान भीती तरी. खाली तळं सरकलं, रस्ता सरकला. वळणं घेतली, उतरले. उतरलेही छान.

"वा दादा!" सालपेकरांनी हात दाबला. "आता पुढच्या रविवारपासून परवान्याच्या मागं लागू."

"नाही साहेब. झालं माझं."

आनंदाबाईंचा चेहरा उतरला. निंबाखाली डबा उघडता उघडता त्यांनी विचारलं, "माह्यावर राग हाय?"

"नाई."

"मंग काऊन सोडता?"

"पाहून झालं."

"कसं वाटलं?"

"काही नाई वाटलं," रूपराव म्हणाले, आणि ते खरं होतं. आनंदाबाईंनीच पदर डोळ्याला लावला. रूपरावांनी भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला.

"दिसलं तरी काय?"

"कोणी तरी वावरातली कापसाची पऱ्हाटी उपटून राह्यलं होतं."

"कोणाचं वावर?"

"आता वरून काय कयते?" रूपराव म्हणाले, आणि ठेचा आनंदाबाईंकडं सरकवला.