अल बर्शातला न्येनकाव

पुण्याहून निघताना यादीप्रमाणे बॅग भरली: गोडा मसाला, भाजणी, ऋचाने, माझ्या मुलीने, मागितलेले मोदकपात्र. नणंद दारातच म्हणाली, "वहिनी, दादाला जाऊन वर्ष व्हायचंय अजून. तिकडे गोडधोड करत बसू नका."

मी बॅगेची चेन ओढली.

दुबईत अल बर्शाला ऋचाचे घर सातव्या मजल्यावर. बाल्कनीतून मेट्रो दिसते, पलीकडे काचेचे मनोरे आणि त्यामागे वाळूच्या रंगाचे आकाश. समोरच्या फ्लॅटमध्ये मेई राहते. चीनच्या फुज्यान भागातली, माझ्याच वयाची. ऑफिसात सगळे भारतीय, त्यामुळे हिंदी फर्डे. चिनी नववर्ष तोंडावर आले होते, पण तिच्या दाराला शुभ म्हणून लावतात तो लाल कागद नव्हता.

विचारले तर म्हणाली, "उन्हाळ्यात आई गेली. दुःखाच्या घरी न्येनकाव (चिकट तांदळाचा वाफवलेला गोड केक) करत नाहीत. शेजारी करून देतात. माझी चिनी शेजारीण दुबई सोडून गेली."

"विकत आण मग."

"दुकानातला केक आईच्या फोटोसमोर ठेवू? पहिल्याच वर्षी?"

"मी करते."

"दीदी, तुमच्याही घरी दुःख आहे."

"आमच्या मनाईत पुरणपोळी येते, श्रीखंड येतं. तुझ्या केकचं कुणी नावही ऐकलेलं नाही!"

ती खळखळून हसली. मग दुसरा नियम सांगितला: दुःखातल्या माणसाची नजर पडली तर केक बिघडतो. म्हणून स्टूल घेऊन ती आमच्या उघड्या दाराबाहेर पाठ करून बसली आणि तिथूनच हुकूम सोडू लागली.

पहिला घाणा मी मोदकाच्या पिठीचा केला. इंडियन ग्रोसरीतली बासमतीची, उत्तम. वाफवल्यावर त्याचा भुगा झाला, तसे मी ओरडून सांगितले.

"पीठ कुठलं घेतलं?" पॅसेजमधून प्रश्न आला.

"मोदकाचं."

"खलास! चिकट तांदळाचं लागतं. हे आता भिंतीला लावा."

"आई, यल्ला, चल, गाडीत बस," ऋचा म्हणाली. चिनी दुकानातून बरोबर पीठ आणले. मेईने दिलेल्या साखरेच्या तपकिरी वड्या पाण्यात विरघळवल्या. वास थेट गुळाच्या पाकाचा. त्यात पीठ कालवले, वर सुकी लाल बोरे लावली आणि मोदकपात्र चढवले. हा केक तासन्‌तास वाफवतात.

"मधे दाबून बघा. घट्ट झाला?"

"मला काय कळतं किती घट्ट? आत ये आणि बघ."

"नको. बिघडेल."

"बिघडला तर तिसरा करीन. आई गेली म्हणून तुझी नजर वाईट झाली? मग नवरा गेलेल्या माझी? मी तर मघापासून टक लावून बघतेय."

 बाहेर स्टूल सरकले. मेई आत आली, झाकण उचलले, मधोमध चॉपस्टिक खुपसली. स्वच्छ निघाली.

"आईचा याहून काळा असायचा," ती डोळे पुसत म्हणाली. "पण चालेल तिला."

आमचा तुकडा तिने दुसऱ्या दिवशी अंड्यात बुडवून तव्यावर परतून आणला. दातांना चिकटतो, बोलणे बंद होते.

पुण्यात परतले तेव्हा पाडवा जवळ आला होता. दुःखाच्या घराला शेजाऱ्याने गोड द्यावे, ही रीत दोन्हीकडे आहे आणि चांगली आहे. पण त्या घरच्या बाईच्या हाताला आणि नजरेला दोष लावणे मला मान्य नाही, तिथेही नाही आणि इथेही नाही. मी चक्क्यासाठी दही टांगले आणि मजल्यावरच्या सगळ्या घरांना कळवले: यंदा श्रीखंड आमच्याकडून.