अंजूरची भावकी आणि बंद होणारा ईटीएफ

"मॅडम, सगलं इकून टाका. आज. आत्ता."

हिराजीशेठ माझ्या टेबलासमोर उभे होते. बसा म्हटलं तरी बसेनात. मागे चुलतभाऊ, पुतणे आणि दारात आणखी कोण कोण. आमच्या ब्रँचमध्ये खुर्च्या सहा. अख्खी भावकी आत शिरल्यावर पंख्याची हवासुद्धा कोणाला लागेना.

मी तेव्हा भिवंडीत एका शेअर ब्रोकिंग कंपनीची ब्रँच सांभाळत होते. खाली कापडाचं दुकान, मागच्या गल्लीत लूमचा खडखडाट. फोनवर चढ्या आवाजात बोलायची सवय तिथेच लागली, ती रिटायर झाल्यावरही गेली नाही. घरचे म्हणतात, तू बोलतेस की भांडतेस? हिराजीशेठ जवळच्या अंजूर गावचे. वडिलोपार्जित भातशेतीवर गोडाऊन उभी राहिली, पैसा आला, त्यातला काही माझ्या ब्रँचमधून बाजारात गेला. माणूस शब्दाचा पक्का, आणि भावकीत त्यांचा शब्द शेवटचा.

विकायचे होते ते एका ईटीएफचे युनिट. ईटीएफ म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. तो एक प्रकारचा म्युच्युअल फंडच, पण शेअरसारखा बाजारात विकला-घेतला जाणारा. फंडवाले बऱ्याच कंपन्यांचे शेअर घेतात आणि त्या गाठोड्याचे बारीक हिस्से करून विकतात. एका हिश्श्याला युनिट म्हणतात. गाठोड्यातल्या मालाप्रमाणे एका युनिटची खरी किंमत रोज काढली जाते, ती एनएव्ही. पण बाजारात युनिट विकायला गेलात तर एनएव्ही मिळेलच असं नाही. समोर घेणारा असेल तो देईल तो भाव.

दोन हजार आठच्या पडझडीआधी बाजारात फंडांचं नुसतं पीक आलं होतं. मुंबईहून आठवड्याला नवं ब्रोशर यायचं. एकाने काढला की दुसऱ्याने काढलाच. विषय संपले तेव्हा विषयाचे तुकडे पाडून फंड काढले. त्यातच रस्ते, बंदरं, गोडाऊन आणि वाहतूक असल्या कंपन्यांचा हा ईटीएफ आला. अंजूरला तो लगेच पटला.

"ह्यो तं आपलाच धंदा!" हिराजीशेठ म्हणाले होते.

मी म्हटलं, "थोडे घ्या. एवढ्या बारीक विषयाच्या फंडाला पुढे गिऱ्हाईक मिळत नाही."

"मॅडम, गोडाऊनला कवा गिऱ्हाईक कमी परलंय काय?"

झालं. त्यांनी घेतला म्हणून भावांनी घेतला, भावांनी घेतला म्हणून पुतण्यांनी. यात हिराजीशेठची धाकटी बहीण मंजुळाही होती. तिला शेलार गावात दिलेली. नवरा लूमचा मेकॅनिक होता, तो अकाली गेला. पदरात एक मुलगी. जमीन विकताना बहिणीची सही घ्यायची आणि साडी देऊन तिची बोळवण करायची, हा आमच्याकडचा सर्रास रिवाज. हिराजीशेठनी तसं केलं नाही. बहिणीला तिचा वाटा दिला. मात्र तो ठेवायचा कुठे हे स्वतःच ठरवलं आणि सगळाच्या सगळा या ईटीएफमध्ये घातला. मंजुळाला शेलारच्या घरामागे भाड्याने द्यायच्या खोल्या बांधायच्या होत्या. त्या भाड्यावरच मायलेकींचं घर चालायचं होतं. दुसरं उत्पन्न नव्हतं.

पुढे बाजार कोसळला, मग हळूहळू सावरायला लागला. पण या ईटीएफकडे कोणी फिरकेना. आणि एक दिवस फंड हाऊसने सगळ्यांना कळवलं की ही योजना आम्ही बंद करत आहोत. त्याच नोटिशीचा कागद खिशात घालून हिराजीशेठ आले होते.

"बंद करतायत म्हणजे बुडवत नाहीत, शेठ," मी म्हटलं. "ठरलेल्या तारखेला आतले शेअर विकतील आणि प्रत्येकाचे पैसे त्याच्या खात्यात येतील. तुम्ही काहीच करायचं नाही. गप्प बसायचं."

"गप्प बसू?" ते भडकलेच. "नोटीस आल्यावर गप बसनारा मानूस मी बघितलाय, मॅडम. रस्त्याला जमीन जानार म्हनून नोटीस आली. ज्यांनी तारखेच्या आधी इकली ते तरले. जे गप बसले त्यांना सरकारी भाव. आनि वर्साची वर्सा हापिसांचे हेलपाटे. नोटीस आली का तारखेच्या आधी मोकला व्हायाचा. ह्यो आमचा धडा हाय."

धडा खरा होता. गावाने अंगावर सोसून घेतलेला होता. फक्त तो जमिनीचा होता आणि इथे लागू नव्हता.

मी आमच्या डीलरला, इर्शादला, विचारलं. डीलर म्हणजे कॉम्प्युटरवर ऑर्डर टाकणारा. "भाव काय आहे?"

"मॅडम, बायरच नहीं है," तो म्हणाला. "एकच पार्टी नीचे बैठी है. सात का भाव लगाके."

त्या दिवशीची एनएव्ही नऊच्या आसपास होती. नऊचा माल सातला घ्यायला कोणीतरी शहाणा जाळं लावून बसला होता. त्यालाही माहीत होतं की थोडं थांबलं की नऊ मिळणार. त्यात भावकी एकदम विकायला गेली असती तर सातचे पाच व्हायला वेळ लागला नसता.

तेवढ्यात फोन वाजला. सबनीस, आमचे रिजनल हेड, मुंबईहून.

"अंजूरचे क्लायंट आलेत म्हणे? मोठा सेल आहे ना? मग मारा की ऑर्डर."

"सर, दोन रुपये डिस्काउंटला जातंय. नुकसान आहे त्यांचं."

"ते आपण ठरवायचं नाही. क्लायंट विक म्हणतोय, आपण विकायचं. ब्रँचचं दलालीचं टार्गेट बघितलंत का या महिन्याचं?"

खरं सांगते, मस्तकात तिडीक गेली. पण सबनीस नियमाने बरोबर होते. क्लायंटने विक म्हटलं की विकावं लागतं. मी अडवू शकत नव्हते. समजावू मात्र शकत होते.

"शेठ, उद्या सकाळी मी अंजूरला येते," मी म्हटलं. "सगळ्यांना बसवा. माझं ऐकून घ्या. तरीही विका म्हणालात तर तिथूनच इर्शादला फोन लावते. आहे कबूल?"

हिराजीशेठ जरा घुटमळले. बाईमाणूस स्वतः गावात येते म्हणते, नाही कसं म्हणणार? "या," म्हणाले. "पन उंद्याच्या पुढं न्हाय."

सकाळी रिक्षाने अंजूरला गेले. हिराजीशेठच्या ओटीवर सगळे जमलेले. बायका आतल्या दाराशी. मंजुळाही शेलारहून आली होती, उंबऱ्याला टेकून उभी. चहा झाला. सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. एनएव्ही, लिक्विडिटी, डिस्काउंट हे शब्द तिथे काढले असते तर लोकांनी जांभया दिल्या असत्या.

मी म्हटलं, "तुम्ही दहा जण मिळून बोकड आणता. कापता. दहा वाटे पाडता. बरोबर?"

ओटीवर एकदम हशा. एक पुतण्या म्हणाला, "मॅडमला मटनाचं काय म्हाईत! तुमी तं कांदासुदा खात न्हाय चातुर्मासान!"

"खात नसले तरी हिशोब कळतो रे मला," मी म्हटलं. "वाटे पडायच्या आधी तुझा वाटा कोणी बाजारात मागितला, तर तो पाडूनच मागणार. कारण तुला घाई आहे हे त्याला दिसतंय. पण तू नुसता थांबलास तर? बोकड तिथेच आहे. कापला की तुझा वाटा तुझ्याच ताटात. फंडवाले काय म्हणतायत? आम्ही आता बोकड पाळत नाही, वाटे पाडून सगळ्यांना घरी पाठवतो. एवढंच. सरकार जमिनीला आपला भाव लावतं. इथे सरकार नाही. आत जे शेअर आहेत ते बाजारभावाने विकले जाणार."

ओटीवर चुळबुळ झाली. एक चुलतभाऊ, आतापर्यंत गप्प बसलेला, म्हणाला, "आनि तवर बाजारच परला तं?"

प्रश्न नेमका होता. मी तिथे गोड बोलून वेळ मारून नेऊ शकले असते.

"पडला तर तुमचा वाटाही लहान होईल," मी म्हटलं. "त्याची गॅरंटी मी देत नाही. कोणी देत असेल तर तो खोटं बोलतोय. मी एवढंच सांगते, आज विकलंत तर नुकसान नक्की. थांबलात तर नुकसान होईलही, न होईलही."

"मंग लिवून द्या," तोच चुलतभाऊ म्हणाला.

"नाही देणार."

हिराजीशेठनी हात झटकले. "आयकला ना सगल्यांनी? मॅडम लिवून देत न्हाय. इकाचा. लावा फोन."

मी फोन हातात घेतला. शब्द दिला होता. एवढं मन खट्टू झालं होतं की काय सांगू. तेव्हा उंबऱ्यावरून आवाज आला.

"दादा, माझा न्हाय इकाचा."

सगळ्यांनी माना वळवल्या. मंजुळा पदर आवळून उभी होती.

"तुला कलतंय काय त्यातला?" हिराजीशेठ ओरडले.

"मॅडमनी सांगितला तेवरा कलला. सातनी इकला तं खोल्यांवर छप्पर परनार न्हाय, नुसत्या भिंती ऱ्हातील. मंग मी भिंती भाड्यानं देऊ काय? मला थांबाचा हाय. बुराला तं माझा बुरल. तुज्या दारान रराया येनार न्हाय."

आता एक गंमत सांगते, जी मुंबईच्या कुठल्याही ऑफिसात बसून मला कधी कळली नसती. या लोकांचा सगळा जन्म सामाईक सातबाऱ्यावर गेलेला. उताऱ्यावर जेवढी नावं तेवढ्या सह्या. एकाने सही नाकारली की सौदा अडला. डीमॅट खातं मात्र प्रत्येकाचं वेगळं. मंजुळा थांबली तरी बाकीचे खुशाल विकू शकत होते.

आणि मी ते सांगितलं. सांगणं माझं कामच होतं. "शेठ, तुम्हाला तिची सही लागत नाही. ज्याचं त्याला विकता येतं."

हिराजीशेठनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी अभद्र बोलले.

"तो कायदा तुमचा, मॅडम. आमच्यान एक सही न्हाय तं सौदा न्हाय. बहिनीला मागं टाकून आमी बाहेर परायचा? लोक थुकतील तोंडावर." मग बहिणीकडे वळून, "काय म्हसोबा शिरलाय तुज्या अंगान! थांबू मंग. सगलेच थांबू."

मी फोन पर्समध्ये टाकला.

पुढचे दिवस सोपे नव्हते. सबनीसांनी मला मुंबईला बोलावून घेतलं. "तुम्ही ब्रँच हेड आहात की समाजसेविका?" असं चारचौघांत विचारलं. मी म्हटलं, "सर, हे क्लायंट दहा वर्षांनीही आपल्याकडेच असतील." ते हसले. त्या वर्षी माझं इन्क्रीमेंट नाममात्र झालं. त्यात बाजार घसरला. दिवसभर लाल आकडे, आणि हिराजीशेठचा फोन, "मॅडम, काय खबर?" खबर वाईट असली तरी सांगायचे. लपवाछपवी कधी केली नाही.

एका दुपारी मंजुळा ब्रँचमध्ये आली. म्हणाली, "भावजया टोमणे मारतान. म्हनतान, हिच्यापायी सगले बुरनार. मॅडम, माझा चुकला तं न्हाय ना?"

"नाही चुकलं," मी म्हटलं. तोंडाने ठामपणे म्हटलं, पण खात्री मलाही नव्हती. ती हरली असती तर भाऊ, माहेर, खोल्या, सगळंच एका दमात गेलं असतं. आणि हरवणारी मी.

बाजाराने मग तोंड वर केलं. फार नाही, थोडं. ठरलेल्या तारखेला योजना बंद झाली. काही दिवसांनी इर्शाद खुर्चीवरून उठून माझ्या टेबलापाशी आला. "मॅडम, अंजूरवालों का पैसा आ गया."

खर्च वजा जाता नऊच्या थोडं वरच पडलं होतं. दुसऱ्या एका ब्रँचच्या क्लायंटनी घाबरून सहा-सातला विकलं होतं, त्यांची बोंबाबोंब आमच्यापर्यंत आली. माझ्या ब्रँचमधला एकही युनिट सातला गेला नाही. मला याचा अभिमान आहे. उगाच विनय कशाला? नोकरीत प्रमोशनं घेतली, बक्षिसाची घड्याळंही घेतली. पण हे माझं खरं काम.

मंजुळाच्या खोल्या त्याच वर्षी झाल्या, छपरासकट, मोरीसकट. वास्तूला मला बोलावलं. हिराजीशेठ स्वतः वाढत होते, आणि माझ्या पानात निराळी शाकाहारी भाजी.

थोड्याच दिवसांत सबनीसांनी नवं ब्रोशर पाठवलंच. "अंजूरला आता कॅश आहे. हा ईटीएफ त्यांना सूट होईल." या वेळी विषय आणखी बारीक होता. मी ब्रोशर हिराजीशेठना दाखवलं आणि माझं मतही सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, चित्रं बघितली, कागद घडी घालून खिशात टाकला.

"मी आत्ताच कायी बोलत न्हाय," म्हणाले. "पयला मंजुलाला इचारतो."

मंजुळाने नको म्हटलं. भावकीने घेतला नाही.

नव्या गिऱ्हाइकांना मी पुढे एकच सांगत आले. फंडात काय आहे ते सगळेच विचारतात. आपण विकायला निघालो तर घेणार कोण, हे आधी विचारा.