आबासाहेबांचं बिनआवाजी विमान

आमच्या आबासाहेबांचं विमान महिन्यातनं एकदा उडायचं, किस्से मात्र रोजचे. चालवणारा मी. माजलगावच्या बाजारात अजून कुणी भेटलं की पहिलं हेच विचारतंय, "पडलं का वो कधी?" आता पडलं असतं तर मी सांगायला राहिलो असतो का बे?

*

विमान तीन माणसांचं, बंद डब्याचं. आबासाहेब गावचे देशमुख. निजाम सरकारकडनं गावाला दवाखाना पाहिजे व्हता, पण कचेरीत अर्ज निघाला की जिल्ह्याचे तालुकदार साहेब "देखेंगे" म्हणून उठायचे. आबासाहेब म्हणाले, "वर नेऊ त्यांना. तिथनं उठून कुठं जातील?"

मला पटलं. माझं पहिलं लेकरू बीडच्या दवाखान्याच्या वाटंवर बैलगाडीतच गेलं. बायको पुन्हा पोटुशी व्हती, अन् मला लई भ्या वाटायचं.

*

अडचण एकच. डब्यात इंजिनाचा एवढा आवाज, की कानाला तोंड लावून बोंबललं तरी कळंना. एकदा फेरी मारून आबासाहेब घरी गेले अन् त्याच आवाजात पाणी मागितलं. बाईसाहेब म्हणाल्या, "मी काय परळीला हाय का?"

*

मग महेबूब पिंजाऱ्याला बोलावलं. गाद्या भराव्या तर त्यानंच! डब्याला आतनं कापसाचं अस्तर लावलं, तेबी लग्नाच्या गादीसारखं, मनापासून. विमान अख्खं माळरान पळालं अन् बोरीच्या झुडपापाशी थांबलं.

"आवाज कमी झाला का?" आबासाहेबांनी मागनं विचारलं.

"झाला. पण आपण अजून खालीच हाय."

*

निम्मा कापूस काढला. मग दाराच्या फटीतनं वारं शिट्ट्या मारायला लागलं, म्हणून महेबूबनं फटी मेणानं बुजवल्या. आबासाहेब तपासायला आत बसले अन् दार निघंना! काचेआड त्यांचं तोंड हालतंय, हात हालतायत, बाहेर शब्द न्हाई. महेबूब हात झटकून म्हणाला, "काम फत्ते!"

*

शेवटी तालुकदार साहेब आले. पुढं मी, मागं ते दोघं. वर गेल्यावर आबासाहेबांनी अर्ज काढला अन् ओरडून वाचायला घेतला. साहेबांनी कानामागं हात धरून, ऐकू येत न्हाई म्हणून मान हालवली. म्हणजे महेबूबची मेहनत पाण्यात गेली.

तेवढ्यात पंखा दोन गचके खाऊन उभा राहिला. इंजिन बंद! माझ्या फेट्याआड त्यांना कायबी दिसलं न्हाई.

"बघा हुजूर!" आबासाहेब खूश. "ही आमच्या महेबूबची कारागिरी!"

"वाह! अब बोलो."

आबासाहेब सावकाश बोलले. माझ्या लेकराचंबी सांगितलं. साहेबांनी अर्ज स्वतःच्या हातात घेतला. मी खाली जागा हुडकत व्हतो. घाम डोळ्यात चालला व्हता, पण तोंडातनं शब्द काढला न्हाई. कापणी झालेलं ज्वारीचं रान दिसलं, तिथं धसकटात चाकं टेकवली.

साहेबांनी मांडीवर अर्ज ठेवून सही केली. "मंजूर."

मला रडू फुटलं. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "रो मत. बस, वापसी में भी मशीन इतनीच खामोश रखना."