बाच्या मागनं गेलेली जहाजं

आमी नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते गव्हावर दोर ओढायचं. त्या सकाळी धुई लय दाट पडली होती. धुईचं पाणी ओंबीवर बसून राहिलं की पीक बिघडतं, म्हणून दोघांनी दोन बांधांवर उभं राहायचं, मधे लांब दोर धरायचा अन् पिकावरून ओढत चालायचं. पाणी झडून जातं. पंचाहत्तरीची बाई, पण दोराला ढील देत नव्हती. मीच दोनदा थांबलो.

"चला की, पाय रुतले का तुमचे?" ती पलीकडून म्हणाली. धुईत ती दिसत नव्हती, नुसता दोर ताणलेला कळत होता.

दोर हातात आला की तिला तिचा बाप आठवायचा. माझा सासरा दुसऱ्या महायुद्धात नेव्हीत होता. चारठाण्याकडचा माणूस, मेंढरामागं फिरणाऱ्या घरातला. कामाला म्हणून मुंबईला गेला अन् भरती झाला. दुश्मन समुद्रात सुरुंग पेरून ठेवायचा, तारेनं तळाशी बांधलेले, वरून दिसायचे न्हाईत. सासऱ्याची बोट लहान. तशा दोन बोटी बाजूबाजूनं चालायच्या, मधे पोलादी तार पाण्यात सोडलेली. त्या तारेनं सुरुंगाची तार तुटायची, सुरुंग वर यायचा. वाट साफ झाली की मागनं मोठी जहाजं जायची, शिपाई अन् धान्य भरलेली. ही हकिगत सासऱ्यानं ओसरीवर बसून मला सांगितली होती. जावई म्हणून मी मान डोलावली. खरी मानली न्हाई. मामा फेकायलेत, असंच वाटलं.

एकदा ग्रामसेवक कुणाच्या घरचं माणूस फौजेत होतं त्याची यादी करायला लागला. झेंड्याच्या दिवशी त्या घरांना नारळ द्यायचा होता. चावडीत पंधरा-वीस माणसं होती. मी म्हणलं, आमचा सासरा लढाईत दोर ओढायला गेलता, त्याला कोणत्या खान्यात लिहिता? सगळे हसले. ग्रामसेवकानं नाव न लिहिताच पान उलटलं. ही बाहेर हापशावर होती, तिनं ऐकलं.

घरी आल्यावर भाकरी थापता थापता म्हणाली, "हसा तुमी. पण आमच्या बाच्या मागनं गेलेलं एक बी जहाज बुडलं न्हाई."

त्या दिवसापासून मी थट्टा बंद केली. पण चावडीत जाऊन माझं बोलणं माघारीही घेतलं न्हाई. दर साली नारळ वाटायचे तेव्हा ती बायांच्या मागं उभी राहायची अन् गुमान घरी यायची. बाकी आमचा संसार चांगला झाला. भांडलो, हसलो, पोटभर खाल्लं. तिची तक्रार एवढी एकच होती.

लय वर्षांनी टीव्हीवर जुन्या लढाईचं दाखवायले होते. तशाच दोन बोटी, मधे तार. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"दिसलं का?"

"दिसलं," मी म्हणलं.

दोन दिवस ती खुशीत होती. मला वाटलं, भागलं. पण ते घरातल्या घरात भागलं होतं.

दोर ओढून आलो त्या दिवशी तिनं भाकरी केल्या, दोघं जेवलो. दुपारी जरा पडते म्हणाली, पडली, अन् उठलीच न्हाई. दिवस मावळायच्या आत तिला अग्नी दिला.

आमच्यात दुसऱ्या दिवशी सकाळी राख सावडतात. पाहुणे अन् गावातली माणसं मसणवट्यात जमली. राख अजून गरम होती, म्हणून सगळे लिंबाखाली बसले. मी उभा राहिलो अन् सांगितलं, चावडीत मी बोललो ते चूक होतं. हिचा बाप लढाईत होता. मग दोन बोटी, तार, सुरुंग, सगळं सांगितलं, जसं सासऱ्यानं मला सांगितलं होतं तसं.

गावात एक म्हातारा फौजी हाय, दर साली पहिला नारळ त्याचा. त्यानं विचारलं, "सुरुंग वर आल्यावर काय करायचे?"

"लांबून बंदुकीनं फोडायचे. कधी जवळच फुटायचा. बाजूची एक बोट तशीच गेली, माणसांसकट."

फौजी म्हणाला, "मग तर लढाईच की ती, दाजी. आमच्यापेक्षा पुढची."

मी त्याला तोंडावर सांगितलं, हे ती असताना व्हायला पायजे होतं. तो म्हणाला, हाव, पायजे होतं. मग त्यानंच घागर उचलून दिली, मी राखेवर पाणी शिंपडलं अन् वाकून सावडायला लागलो.