चुन्याचं द्रावण

मी काही लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे चुका दाखवायलाही कोणी नाही. (आता आहे. आमचं अख्खं गाव, पेडगाव, आहे.) तेव्हा आधीच माफी मागतो.

मी परभणीला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. ताईला बघायला पूर्णेहून पाहुणे येणार होते. आधीची दोन स्थळं परत गेली होती आणि हा रेल्वेतला मुलगा ताईला फोटोतच आवडला होता. म्हणून भिंती रंगवायला आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, ड्रमात चुना विझवला, नीळ टाकली आणि कुंचा व काठी माझ्या हाती दिली.

"दर वेळी ढवळून घे रं."

"आबा, हे द्रावण हाय. द्राव्य एकदा द्रावकात विरघळलं की खाली बसत न्हाई."

"मंग मी इतकी वर्षं काठी कामून फिरवायलोय?"

"शिक्षण न्हाई म्हणून!"

आबा शेतात गेले. मी काठी शेळ्यांच्या दावणीत फेकली.

आधी दर्शनी भिंत घेतली. चुना ओला असताना दिसत नाही, वाळल्यावर पांढरा होतो, एवढं मला माहीत होतं. त्यामुळे काहीच दिसेना तरी मी निश्चिंत! शेवटी बैठकीच्या खोलीपर्यंत आलो तर ड्रमात दह्यासारखा निळा लगदा. 'द्रावण संपृक्त झालं,' म्हणत मी तोही आनंदानं थापला.

दुपारी भिंती वाळल्या. दर्शनी भिंतीवर जंताच्या औषधाची जुनी जाहिरात होती, ती पाण्यानं धुऊन आणखी ठळक झाली होती! घाईघाईनं वही काढली. 'चुना कालवलेलं पाणी : निलंबन. स्थिर ठेवल्यास कण तळाशी बसतात.' अक्षर माझंच.

"बाळ्या," ताई दात खाऊन म्हणाली, "हे स्थळ मोडलं तर तुलाच ड्रमात विरघळवते!"

(माणूस पाण्यात अविद्राव्य असतो, हे मी तिला सांगितलं नाही.)

तेवढ्यात पाहुणे आलेच. जंतांविषयी सगळं वाचून झाल्यावर आत आले आणि निळ्या भिंतीला टेकून बसले.

"पोरगा काय शिकतो?" मुलाच्या वडलांनी विचारलं.

"केमिस्ट्री," आबा खाली बघत म्हणाले.

पाहुणे उठले तेव्हा आमची अर्धी भिंत त्यांच्या पाठीवर होती.

आठ दिवस फोन नाही. ताई माझ्याशी बोलेना, आबा येताजाता ती काठी माझ्यासमोर आणून ठेवत. नवव्या दिवशी स्थळ आणणाऱ्या मामांचा फोन आला.

"पोरगी पसंत हाय! सासऱ्याची पाठ झटकताना 'माझ्या भावाचा परताप हाय' म्हणून खरं सांगितलं, ते त्यायला लय आवडलं. अट एकच. लग्नात पोराला कायबी कालवू देऊ नका."

म्हणून मला नुसतं अक्षता वाटायचं काम मिळालं. "तांदूळ आणि कुंकू, म्हणजे विषमांगी मिश्रण," एवढंच मी म्हणालो.

काल ताईनं आबांचा निरोप आणला : ते कामही आता शेजारच्या गण्याकडे गेलंय. तो दहावी नापास आहे.