वाढत्या अंगाचं झबलं

बाळ जन्माला यायच्या आधी त्याच्यासाठी घरात काही आणून ठेवायचं नाही, अशी आमच्याकडे पद्धत आहे. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण माझ्या मुलीचं आधीचं बाळ पोटातच गेलं होतं. त्यामुळे या वेळी ती माहेरी बाळंतपणाला आली तेव्हा मीही गप्प बसलो. साधा खुळखुळा आणायचं म्हटलं तरी ती रडवेली व्हायची. आणि नात नेमकी वेळेच्या बरीच आधी आली.

नात हॉस्पिटलात काचेच्या पेटीत, मुलगी आणि बायको तिच्याजवळ, आणि पूनम सागर सोसायटीतल्या घरात मी एकटा. बायकोचा फोन आला.

"अहो, पेटीतून बाहेर काढलं की तिच्या अंगावर घालायला कपडे हवेत. जुनी चादर काढा, धुऊन धुऊन मऊ झालेली. लंगोट शिवा, एखादं झबलं शिवा."

"विकत आणतो की."

"नवं कापड टोचेल तिला," म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

उभ्या जन्मात मी शर्टाच्या बटणापलीकडे काही शिवलेलं नाही. तरी बसलो. लंगोट सोपे निघाले. चादरीचा चौकोन फाडायचा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कापायचा, की दोन तिकोनी तुकडे. कडा दुमडून धावदोरा घातला की झालं. हात कामात असले की फोनकडे सारखं लक्ष जात नव्हतं, हा मोठाच फायदा.

झबल्याने मात्र घाम काढला. उशीचा जुना अभ्रा घेतला, बंद बाजूला गळा कापला, दोन्हीकडे हात घालायला जागा केली, पाठ उघडून तिथे बंद लावले. माप कुठून आणणार? नातीला मी काचेतूनच पाहिलं होतं. माझी आई आम्हा भावंडांचे सगळे कपडे वाढत्या अंगाचे शिवायची, तेवढं आठवलं आणि मीही अभ्रा होता तेवढा मोठाच ठेवला.

समोरच्या गुजराती बाई जेवणाचा डबा द्यायला आल्या. झबलं हातात घेऊन म्हणाल्या, "अंकल, सिलाई बाहर रखो. अंदर रहेगी तो बेबी को चुभेगी."

एवढी मेहनत करून उलटं घालायचं म्हणजे काय, म्हणून मी जरा फणकारलोच. पण त्यांचं बरोबर होतं. अभ्रा उलटा केला आणि बंद उसवून परत लावले.

शेवटी फोन आला. पेटीतून काढलंय, कपडे घेऊन या. मी रिक्षात बसलो तेव्हा पिशवी छातीशी धरली होती.

नर्सने झबलं चढवलं. नात त्यात हरवलीच होती. हात दिसत नव्हते, पाय दिसत नव्हते. एवढ्याशा जिवाला एवढं मोठं झबलं, मुलीला काय वाटेल?

"आण इकडे, मी घरी जाऊन लहान करून आणतो," मी घाईघाईने म्हणालो.

मुलीने झबल्याची कड हळूच वर दुमडली. नातीचं पाऊल बाहेर आलं.

"राहू दे, बाबा," ती म्हणाली. "वाढेल ना ती."

इतके महिने उद्याचं नाव काढायला घाबरणारी माझी मुलगी हे म्हणाली, आणि माझा जीव भांड्यात पडला.