सुगंधामावशींनी टांगलेलं चित्र

दुकानात कुठलंही चित्र आलं की सुगंधामावशी ते आधी पालथं घालायच्या. देवाचा फोटो असो, लग्नाचा असो, नाही तर कुणाच्या नातीचं बक्षिसाचं प्रमाणपत्र असो. गिऱ्हाईक कौतुकानं समोर धरायचं आणि मावशी ते हातातून काढून घेऊन त्याची पाठ बघत बसायच्या. मागं कुणाचं नाव आहे, शिक्का कुठल्या स्टुडिओचा आहे, ओल कुठून लागली आहे, हे सगळं बघून झालं की मग पुढची बाजू. एकदा मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "पुढून समदेच देखणे, पोरी. फोटोला जाताना पावडर कोन लावत न्हाई?"

नवी मुंबईतल्या दिघ्यात मिक्सर दुरुस्तीवाला आणि चपलांचं दुकान यांच्यामध्ये त्यांची फ्रेमची खोली होती. भिंतीला टेकवलेल्या लाकडी पट्ट्या, काचेचे उभे तुकडे, डब्यात उकळून ठेवलेली खळ आणि मधोमध एका पाटावर मावशी. परभणीकडच्या. दुकान नवऱ्यानं टाकलेलं. तो गेल्यावर पंधराव्या दिवशी यांनी काच कापायचा हिरा हातात घेतला. शिक्षण चौथी. पण चौथीपर्यंत जे वाचायला शिकल्या होत्या त्यातलं त्यांनी एकही अक्षर वाया जाऊ दिलं नव्हतं.

या बाई डूख धरण्यात वस्ताद होत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाही तर माझी मायाळू आठवण वाचून कुणाचा गैरसमज व्हायचा. मावशी मायाळू होत्याच, पण ती माया ज्यांनी कधी त्यांच्या वाटेत काटा टाकला नाही त्यांच्यासाठी. बाकीच्यांची यादी त्यांच्या डोक्यात होती आणि ती सहसा कमी व्हायची नाही. कुणी म्हटलं, जाऊ द्या मावशी, विसरा आता, की त्यांचं ठरलेलं उत्तर: "मी काय माठ हाय का, पाझरून रिकामी व्हायला?"

त्यांच्या दिराचं प्रकरण सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. नवरा गेला तेव्हा या दिरानं दुकानाला स्वतःचं कुलूप लावलं होतं. बाईमाणूस काच कापणार का, असं चार माणसांत बोलला होता. मावशींनी कुलूप फोडलं आणि तोंड बंद ठेवलं. नऊ वर्षांनी तोच दीर वडिलांचा जुना फोटो घेऊन आला. वर्षश्राद्ध होतं आणि फोटो इतका विरला होता की दुसरीकडे कुणी हात लावायला तयार नव्हतं. मावशींनी आठवडाभर खपून तो असा काही बसवला की म्हातारा जिवंत वाटावा. आणि मग तो दुकानाच्या दर्शनी भिंतीवर टांगून टाकला. दीर न्यायला आला तर म्हणाल्या, "सासरे माजे बी व्हते. दर्शनाला येत जावा." तेव्हापासून दर वर्षी तो दिवस आला की दीर हार घेऊन भावजयीच्या दुकानात उभा राहायचा, आणि मावशी काच कापता कापता त्याच्याकडे न बघता म्हणायच्या, चपला बाहेर काढा.

मला त्यांचा लळा आईमुळे लागला. माझी आई, शांता, त्यांची जुनी मैत्रीण, पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. मी पुढे शिकले आणि तिथूनच जवळ एका लॅबमध्ये नोकरीला लागले. आई गेली त्यानंतर मी रविवारी चित्रकलेच्या वर्गाला जायला लागले. खारघरला एक लोककला केंद्र आहे, चार खोल्या आणि एक मोठं दालन. तिथे टिपणीस सर शिकवायचे. नाव असलेला माणूस. सरांच्या वर्गाचा एक नियम होता. पहिली तीन वर्षं विद्यार्थ्यानं चित्राच्या पुढच्या बाजूला सही करायची नाही. सही कमवावी लागते, असं सर म्हणायचे. नाव लिहायचं ते कॅनव्हासच्या पाठीवर. आम्ही वीस जण मान खाली घालून पाठीवर नावं लिहीत होतो आणि यात काही खोट असेल असं एकाच्याही मनात आलं नाही.

दुसऱ्या वर्षी मी आईचं चित्र काढलं. जेवणाच्या सुट्टीत उलट्या ड्रमवर बसलेली आई, डाव्या हातात पोळी, आणि बाजूच्या कुणाच्या तरी बोलण्यावर अर्धवट हसलेली. ते हसू मला चार महिने जमत नव्हतं. जमलं त्या दिवशी सर बराच वेळ चित्रासमोर उभे राहिले आणि म्हणाले, वर्गात ठेवून जा. पुढे विचारलं तर म्हणाले, कपाटात ओल शिरली, चार-पाच चित्रं खराब झाली, तुझंही त्यात गेलं. मी घरी येऊन रडले. पुन्हा काढायला बसले, पण हसू काही परत आलं नाही.

वर्षभरानं मावशींचा निरोप आला. लॅब सुटल्यावर गेले. दाराशीच म्हणाल्या, "ये. तुजी आई आलीया दुकानात."

पाटावर माझं चित्र होतं. कोपऱ्यात, पुढच्या बाजूला, टिपणीस सरांची सही होती. सरांची बारा चित्रं फ्रेमसाठी आली होती आणि सरांना हे दुकान मीच सुचवलं होतं. केंद्रात एका संध्याकाळी चार नवीन प्रदर्शनं उघडणार होती, त्यात मोठं दालन सरांचं. मुख्य चित्र हेच. नाव दिलं होतं 'श्रमिका, क्रमांक तीन'. मावशींनी सवयीनं चित्र पालथं घातलं होतं आणि पाठीवर माझं अक्षर होतं: वैशाली, मग महिना, आणि खाली 'आई, जेवणाची सुट्टी, पावणे'. सरांनी सांगून ठेवलं होतं की मागं काहीतरी खरडलेलं आहे, वर जाड कागद डकवून टाका. या बाईला वाचता येत असेल हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मी काय केलं असेल? मी म्हटलं, जाऊ द्या मावशी. सरांनी मला पुढच्या वर्षी प्रदर्शनात घेतो म्हणून सांगितलं होतं. त्यांच्या शब्दाशिवाय केंद्रात पान हलायचं नाही. माझं ऐकणार कोण? मावशींनी एवढंच विचारलं की उद्घाटनाला चित्रावर कापड टाकणार आहेत का. मी म्हटलं, हो, अनावरण आहे. मग त्या पट्टी मोजायला लागल्या.

उद्घाटनाच्या शनिवारी केंद्रात पाय ठेवायला जागा नव्हती. एका खोलीत मुलांनी केलेले मातीचे मुखवटे, एकीत खाडीवरच्या रोहित पक्ष्यांचे फोटो, एकीत बचतगटातल्या बायकांनी शिवलेल्या गोधड्या. पाहुण्यांनी समई लावली, एकेक खोली बघितली आणि सगळी गर्दी मोठ्या दालनात आली. चित्रं टांगायचं काम मावशींकडेच होतं. त्यांनी दुपारी येऊन सगळी भिंत लावली होती आणि मुख्य चित्रावर जांभळं मखमली कापड सोडून, पिशवी मांडीवर घेऊन मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मी चहाच्या टेबलापाशी उभी होते. सर कष्टकरी स्त्रियांच्या मूक वेदनेवर बोलत होते. आई काही मूक नव्हती. तिच्या तोंडापुढे पॅकिंगमध्ये कुणी टिकायचं नाही.

पाहुण्यांनी दोरी ओढली. कापड खाली आलं. आणि सगळ्यांसमोर आली ती कॅनव्हासची पाठ, लाकडी चौकट आणि माझं अक्षर. वर कागद नव्हताच.

टाळ्या सुरू होऊन मध्येच विरल्या. सर आधी हसले. म्हणाले, फ्रेमवालीनं उलटं लावलं, अडाणी बाई आहे, माफ करा. मावशी खुर्चीवरून उठल्या. "चवथी शिकलेय सर मी. वाचून दाखवू का?" आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत, शाळेत धडा वाचतात तसं, अक्षरावर बोट ठेवून, मोठ्यानं वाचलं. "वै-शा-ली. आ-ई. जे-व-णा-ची सुट्टी. पाव-णे." मग माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, ती बघा वैशाली.

केंद्राचे दोन कार्यकर्ते चित्र फिरवायला धावले. ते हलेना. मावशींनी चारही कोपऱ्यांना स्क्रू मारले होते. पिशवीतून त्यांनी स्क्रू ड्रायव्हर काढला आणि हातात धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "जिचं हाय तिनं सांगावं. मी उलटीन."

दालनातलं प्रत्येक डोकं माझ्याकडे वळलं. सरांचं तोंड मी पहिल्यांदाच तसं बघत होते. पांढरं, घामेजलेलं, माझ्याकडे विनवणीनं बघणारं. तीन वर्षं मी या माणसाच्या मान हलवण्याची वाट बघितली होती आणि आता तो माझ्या मान हलवण्याची वाट बघत होता. मला ते इतकं गोड लागलं की काय सांगू. मी म्हटलं, "राहू द्या तसंच. आठवडाभर बघू देत लोकांना."

मावशींनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि स्क्रू ड्रायव्हर परत पिशवीत टाकला.

नंतरचा तमाशा मी मनसोक्त बघितला. लोक बाकीच्या फ्रेमांचे कोपरे उचलून मागं डोकावायला लागले. तिथेही मावशींनी कागद डकवला नव्हता. आणखी दोन नावं निघाली, दोन्ही आमच्या वर्गातली. पाहुण्यांना अचानक दुसरा कार्यक्रम आठवला. सर कधी निघून गेले कळलंही नाही.

परतीच्या बसमध्ये मला हसू आवरत नव्हतं. सरांचा चेहरा, पाहुण्यांची घाई, मी सगळ्याच्या नकला करत होते. मावशी खिडकीबाहेर बघत होत्या. मी म्हटलं, मावशी, मजा आली ना?

"मला आली. दोन म्हैने वाट बघितली व्हती म्या." मग म्हणाल्या, "पर मी स्क्रू डायवर हातात धरून हुबी व्हते, वैशाली. तू उलटा म्हनशील म्हून. त्या मास्तरचं पडलेलं तोंड बघायला तू शांताबाईला भिंतीकडं तोंड करून ठिवलीस."

माझ्या नकला तिथंच थांबल्या. मावशी समजूत घालणाऱ्यातल्या नव्हत्या. "सूड लई शिकायचं काम हाय," म्हणाल्या. "ज्याच्यावर घ्यायचा त्याच्यावरच पडला पायजे. आपल्याच मान्सावर पडला तर त्याला नासधूस म्हनत्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्र उघडायच्या आत मी खारघरला पोचले, तर मावशी माझ्याआधी पायरीवर बसलेल्या. दार उघडताच आम्ही दोघींनी स्क्रू काढले आणि चित्र फिरवलं. सरांच्या सहीवर मावशींनी थिनरचा बोळा फिरवला. आई हसत होती, दालन रिकामं होतं.

गेल्या वर्षी मावशी गेल्या. छातीत लाकडाचा भुसा साठला होता. शेवटच्या आठवड्यातही दिराला हॉस्पिटलच्या वॉर्डात चपला बाहेर काढायला लावल्या. टिपणीस सर मध्यंतरी रस्त्यात भेटले. हात जोडून म्हणाले, झालं गेलं विसरून जाऊ. मी नाही म्हटलं आणि पुढे निघाले. त्यांच्यावरचा राग मी नीट जपून ठेवला आहे, मावशी खूश झाल्या असत्या असा. पण आई एक अख्खी रात्र भिंतीकडे तोंड करून होती, ते सरांनी केलेलं नव्हतं. त्याचं उट्टं कुणावर काढायचं, ते मावशींनी मला सांगितलं नाही.